एक नंबर माल बाहेर

डिसेंबरातला शनिवार, नागपूर स्टेशन, संध्याकाळ. हजर: मी, बाबा, सुनील. गैरहजर: आई. काटोलला आमच्या संत्र्यांच्या बागेत फळांचा तोडा चालू होता आणि मजुरांचा चहा तिच्याकडे होता.

सामान: एक बॅग, खांद्याला एक लांब नळकांडं, संत्र्यांच्या दोन पिशव्या. नळकांड्यात पोस्टर होतं. हैदराबादला स्ट्रक्चरल बायॉलॉजीतल्या तरुण संशोधकांची विभागीय परिषद भरणार होती. सुनील आणि मी एकाच लॅबमधले. आम्ही दोघांनी मिळून एका प्रथिनाचे स्फटिक वाढवले होते. त्यांच्यावर क्ष-किरण टाकले की प्रथिनाचा आकार कळतो. काम दोघांचं, पण जाणार एकच. लोडशेडिंगचे दिवस, स्फटिकांचा फ्रिज सांभाळायला कोणीतरी मागे राहणं भाग होतं. माझी मावशी हैदराबादला होती, म्हणून मी निघाले. इतकं साधं कारण.

बागेत झाडाखाली फळांचे ढीग लागत. मोठी, तुकतुकीत दिल्लीला. लहान आणि डागी घरी. स्टेशनवरही बाबांनी तीच वाटणी केली. चांगली पिशवी माझ्या हातात, दुसरी सुनीलच्या.

"एक नंबर माल बाहेरच जाते गा," ते त्याला म्हणाले. "घरच्या माणसाले घरचा माल."

सुनील हसला, मीही हसले, आणि गाडी हलली.

परिषदेत त्या पोस्टरसमोर एक जर्मन प्राध्यापक बराच वेळ थांबले. पुढच्या हिवाळ्यात मी हॅम्बुर्गला होते, आणि अजून तिथेच आहे. लॅब आहे, नवरा आहे, शिकायला दुसऱ्या शहरात गेलेली मुलगी आहे. सुपरमार्केटात जाळीच्या पिशवीतून स्पेनची संत्री मिळतात. सगळी एका मापाची, आणि सोलायला सुरी लागते. जे माझ्यासारखे निघाले त्यांना हे सांगायला नको. जे राहिले त्यांना सांगून उपयोग नाही.

बाबा गेले. बाग भाऊ पाहतो. सुनील नागपुरातच राहिला, आता त्याची स्वतःची लॅब आहे आणि विदर्भातल्या तरुण संशोधकांची परिषद तोच भरवतो. दर हिवाळ्यात मी चार दिवस जाते: एक व्याख्यान, पोस्टरांचं परीक्षण, काटोलची एक फेरी, नागपूरच्या महाल भागातून चिवडा. या परिषदेतून सुनीलचे दोन विद्यार्थी माझ्याकडे आले. दोघेही जर्मनीतच स्थिरावले.

यंदा पहिलं पोस्टर मयूरीचं ठरलं. ती भिवापूरची, वडिलांचा मिरचीचा व्यापार. सुनीलच्या लॅबमध्ये क्ष-किरणांचं नवं यंत्र आलंय, ते सध्या तिलाच चालवता येतं. बक्षीस घेऊन ती सरळ माझ्याकडे आली आणि तुमच्याकडे जागा आहे का म्हणून विचारलं. सुनील शेजारीच तर्री-पोह्यांची प्लेट घेऊन उभा होता.

"काहून वं," तो मला म्हणाला, "दर साली येते, बाग पाहून घेते अन् लदलेलं झाड उचलून नेते. व्यापारी झाली का तू? तुझ्या बाबानं दिलेले डागी संत्रे ध्यानात आहेत मले."

"मग हिला नाही म्हणू?"

"मी कोण अडवणारा? पण मशीन कोण चालवंल? पुढच्या साली पोस्टरं कोणाची लावू, माझी?"

"सर, मी परत येईन ना," मयूरी म्हणाली.

"हेही असंच म्हणे," त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी व्यवहार मांडला. मयूरीने आठ महिने माझ्याकडे यावं. तेवढे महिने माझ्या लॅबचा एक माणूस नागपुरात राहील, यंत्र चालवेल आणि आणखी दोघांना शिकवेल. सुनीलने पोहे संपवले, रुमालाने हात पुसले.

"पहिले तुझा माणूस येऊ दे. मग माझी पोरगी सोडतो."

हॅम्बुर्गला परतल्यावर सोमवारच्या बैठकीत मी विषय काढला. एकाचा प्रबंध अर्धवट आहे. एकीचं मूल नुकतंच बालवाडीत जाऊ लागलंय. एकाने नागपूर नकाशावर शोधलं, तिथला उन्हाळा पाहिला आणि लॅपटॉप मिटला. कारणं सगळी खरी होती. मयूरीचा निरोप येतो: मॅडम, कोणी तयार झालं का? पाहतेय, असं मी कळवते.

प्रबंध नाही, घरात लहान मूल नाही, उन्हाची सवय आहे आणि यंत्र चालवता येतं, असं आमच्या लॅबमध्ये एकच माणूस उरतं. ते मीच. आठ महिन्यांची रजाही मिळू शकते; नियम वाचून ठेवलेत. नवऱ्याने तर माझी जुनी मोठी बॅग तळघरातून वर आणून ठेवली.

मी घर म्हणते ते अजून नागपूर-काटोलच, आणि इतक्या वर्षांत परतीचं तिकीट काढल्याशिवाय मी तिथे एकदाही गेलेले नाही.

या आठवड्याची बाकी कामं झाली. सुनीलला फोन करायचा राहिलाय.