पाटकरी तात्यांचं लिमिट

पाटकरी तात्यांनी सगळ्यात आधी लिमिट लावलं ते स्वतःच्या घराला. इंटरनेटचा धंदा यांचा, मशीन यांच्याच ऑफिसात, आणि महिन्याच्या पंचवीस तारखेला यांच्याच घरी टीव्हीवर चाक गरगर फिरत बसलेलं. काकू संध्याकाळी कीर्तन लावायच्या. ऐन रंगात आलेल्या बुवांचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. मग काकूंचा फोन ऑफिसात यायचा आणि तो मीच उचलायचे. “सुमन, सांग त्यास्नी. अख्ख्या बावड्यात कीर्तन चाललंय आन आमच्यात बुवा आ वासून बसल्यात.” मी निरोप द्यायचे. तात्या वहीतून मान वर न करता म्हणायचे, “एक तारखेला मिटंल म्हणावं तोंड.”

तात्या गेल्या हिवाळ्यात गेले. दशक्रियेला नरसिंहपूरच्या घाटावर ही गर्दी. माईकवर एकेक जण उठून बोलत होता. न्यायी माणूस, शब्दाचा पक्का, आप-पर केलं नाही. सगळं खरं होतं. कुणीतरी म्हणालं, सुमनताईंनी सहा वर्षं त्यांच्या ऑफिसात काढलीत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी उठले नाही. पदराचं टोक तोंडात धरून खाली बघत बसले. लोकांना वाटलं, बाईला रडू आवरेना. रडू नव्हतं ते. जे बोलले असते ते घाटावर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून आता लिहितेय.

पाटकरी हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तरुणपणी चार-पाच हंगाम ते कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी आणि किती तास पाणी द्यायचं, म्हणजे पाणीपाळी, कुठलं दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं, हे बघणारा माणूस. कालव्याच्या तोंडाशी असलेले रात्रंदिवस दार उघडं ठेवायचे आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या लोकांनी, आमच्या इकडच्यांनी, कोरड्या चारीकडं बघत बसायचं. तात्यांचं घर टेलचं. दार पाडायला गेल्याबद्दल त्यांनी एकदा डोक्यात काठी खाल्ली होती. ती खूण ते टोपी काढून कौतुकानं दाखवायचे. पुढं त्यांनी केबल टीव्ही घेतला आणि मग इंटरनेट. इंदापूरहून आलेली लाईन बावड्यात घेऊन, खांबांवरून तारा ओढत, ती नरसिंहपूरच्या नदीकाठच्या शेवटच्या वस्तीपर्यंत नेली. मोठ्या कंपन्या तिकडं फिरकल्यासुद्धा नव्हत्या. आणि पहिल्याच महिन्यात काय झालं, तर बावड्यातल्या चार घरांनी दिवसभर सिनेमे बघितले आणि नदीकाठाला काहीच पोचेना. तात्यांचा जुना पाटकरी जागा झाला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घराला महिन्याचं माप ठरलं. माप संपलं की लाईन तुटायची नाही, पण वेग असा उतरायचा की नुसता आवाज कसाबसा जायचा, चित्र हलायचं नाही.

‘तात्या, लिमिट का लावलंय?’ असं कुणी फोनवर विचारलं की मला कंटाळा यायचा आणि तात्यांना हुरूप. ते माझ्या हातातून फोन घ्यायचे. “हे बघा, मी वरनं लाईन घेतो ती एकच. तुमी आमी समदे त्याच चारीवर. तुमच्या पोरानं दिसभर दार उघडं टाकलं तर टेलच्या बाईनं काय करायचं? माप न्हाय त्यो कालवा न्हाय, वगळ हाय, मोकाट वढा.” असं दहा मिनिटं. ऐकणारा शेवटी “बरं बरं, ऱ्हाऊ द्या” म्हणून सुटका करून घ्यायचा. तात्या फोन ठेवून माझ्याकडं बघायचे, गड जिंकल्यासारखे. मला हसू यायचं. पण खोटं का बोलू, अभिमानही वाटायचा. असं कारण सांगणारा धंदेवाला मी दुसरा बघितला नव्हता.

एकदा साखर कारखान्याच्या एका माजी संचालकांच्या घरी लग्न होतं. परदेशातल्या पाहुण्यांना ते थेट दाखवायचं, म्हणून महिनाभर लिमिट काढा, असा निरोप घेऊन त्यांचा माणूस आला. जरबेनंच बोलला. तात्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, “लग्नाचं आमंत्रण पोचलं. आमी दोघं जोडीनं येऊ. लिमिट ऱ्हाईल.” त्यानं आवाज चढवला तेव्हा टोपी काढून ती काठीची खूण दाखवली. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. त्या दिवसापासून तात्यांच्या लिमिटला जणू शेंदूर लागला. कुणी हात लावायचा नाही, आणि तात्यांनी तर मुळीच नाही.

दोन वर्षांपूर्वी वरच्या लाईनवाल्यांचा इंजिनिअर आला. चांगला पोरगा होता, मृदू बोलायचा. म्हणाला, “तात्या, तुमची लाईन आता चौपट झालीय. लिमिट काढून टाका.”

“आन समद्यांनी एकदम दार उघडलं म्हंजी?”

“सगळे एकदम बघतात ते संध्याकाळी आठला. तेव्हासुद्धा तुमची लाईन निम्मीच भरते, हे बघा. आणि महिन्याच्या मापाचा गर्दीशी काय संबंध? दुपारी दोनला रिकाम्या लाईनवर कुणी काही बघितलं तरी तुम्ही ते मापात धरता. त्यानं कुणाचं काय कमी झालं? तात्या, हे पाणी नाही. एकानं वापरलं म्हणून संपत नाही, आणि वाचवलं म्हणून धरणात साठत नाही.”

“मग मोठ्या कंपन्यांनी कशापायी लावलंय?”

“लोकांनी मोठा प्लॅन घ्यावा म्हणून,” पोरगा सरळ म्हणाला. “तुम्ही तर मोठा प्लॅनही ठेवलेला नाही. मग तुम्ही कशाला लावताय?”

पटलं होतं तात्यांना, मी चेहरा बघत होते. पण तो उठून गेल्यावर म्हणाले, “कालव्याला पाणी आलं म्हणून पाणीपाळी मोडली, की पुढच्या उन्हाळ्यात डोकी फुटत्यात. ऱ्हाऊ दे हाय तसं.” लिमिट राहिलं. पुढं त्यांनी धंदा शहरातल्या एका कंपनीला देऊन टाकला. कंपनीच्या लाईनवरही लिमिट आहे. मी तिथंच नोकरी करते आणि त्याचं कारण विचारलं की छापील वाक्य वाचून दाखवते. पण कंपनीचं जाऊ द्या. तिच्याकडून अपेक्षाच नव्हती.

नरसिंहपूरच्या त्या शेवटच्या वस्तीवर मुमताज राहायची. पन्नाशीची, नवरा नसलेली, भावाच्या आधारानं. भाऊ रशीदभाई, त्यांचं देवळाच्या वाटेवर बांगड्यांचं दुकान. मुमताजला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. तिच्या लहानपणी अशा पोरीला शाळेत कोण घालतंय? त्यामुळं लिहिणं-वाचणं नाही. तिची एकुलती एक लेक रुबीना, तीही तशीच. पण लेक मूकबधिरांच्या शाळेत शिकली, उत्तम लिहायची. बारामतीत कपडे शिवायच्या कंपनीत लागली आणि चौघीजणींत खोली करून राहिली. पहिल्या पगारात तिनं आईला इंटरनेट घेऊन दिलं. वस्तीवर मोबाईलची रेंज पत्र्यावर चढलं तरच येते, म्हणून तात्यांची तार. रोज संध्याकाळी कामावरून आली की लेक व्हिडिओ लावायची आणि दोघी हातांनी बोलायच्या. तास-दीड तास. ती भाषा घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. जेवलीस का, बाजारला जाते, ये, जा, एवढ्या खुणा भावाला आणि भावजयीला कळायच्या. मनातलं, दुखलं-खुपलं, ते सगळं लेकीपाशी.

आता रोज तास-दीड तास चित्र म्हटल्यावर माप कितीसं पुरणार! बावीस-तेवीस तारखेलाच लिमिट संपायचं. बाकीच्यांचं लिमिट संपलं तर सिनेमा अडायचा, फोन चालू राहायचा. या दोघींचं चित्र अडलं की बोलणंच संपलं. सगळ्यांना सारखं माप दिलं म्हणजे न्याय झाला, असं आम्ही दोघं समजत होतो. आम्ही दोघं म्हणजे तात्या आणि मी.

इंजिनिअर येऊन गेल्यावर, धंदा विकायच्या आधी, महिनाअखेरीच्या एका मंगळवारी रशीदभाई तिला घेऊन ऑफिसात आले. दुपारची वेळ, दुसरं कुणी नव्हतं. “तात्या, मायलेकीचं बोलणं बंद पडलंय. मागं आठ दिस कळ काढायची, पर ह्या बारीला लई जीव खातीया. वाइच मोकळं करा की.”

तात्या उठून उभे राहिले. मुमताजला खुर्ची दिली, चहा मागवला, कपबशी स्वतः तिच्या हातात दिली. वाईट वाटत होतं त्यांना. पण म्हणाले, “रशीदभाई, मी संचालकाला न्हाय म्हणलोय. आज हितं व्हय म्हणलो तर उद्या त्येचा माणूस दारात. एक तारीख काय लांब हाय?”

मुमताजनं चहा घेतला नाही. फोन टेबलावर ठेवून फिरतं चाक दाखवलं. मग माझ्याकडं वळली, बाई माणूस म्हणून असेल. छातीवर पंजा ठेवला, डाव्या दंडावरून हात खाली ओढला, पुन्हा छातीवर. तीनदा तेच. मी रशीदभाईंकडं बघितलं. ते म्हणाले, “लेकीची याद येतीया म्हणती.”

माझ्यासमोर स्क्रीनवर तिचं नाव तांबड्या अक्षरांत होतं आणि नावापुढं बटण. एकदा दाबलं की लिमिट मोकळं. तात्यांना पासवर्डसुद्धा पाठ नव्हता. ते सगळं माझ्याच हातात असायचं. माउसवर बोट होतं माझं, देवाशपथ. आणि मी दाबलं नाही. तात्या काय म्हणतील, ही भीती. आणि त्याहून वाईट म्हणजे, नियम मोडला नाही याचा तोरा. चहा तसाच निवला आणि ती दोघं निघून गेली.

शनिवारी सकाळी मुमताज अंगणात झाडता झाडता पडली. बावड्याच्या दवाखान्यात आणेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. चार-पाच दिवस तरी दुखत असणार, कुणाला बोलल्या नाहीत का? रशीदभाई हे आम्हाला सांगायला आले, आणि सांगता सांगता त्यांनीच आपल्या तोंडावर हात मारून घेतला. तात्या भिंतीला टेकून खाली बसले. मला तो छातीवरचा पंजा दिसत होता. अजून दिसतो.

बारा दिवसांनी रुबीना ऑफिसात आली. एकटीच. पिशवीतून राउटर काढून टेबलावर ठेवला, कनेक्शन बंद करायला आली होती. मग आपला फोन आमच्यापुढं धरला. आईचं चित्र अडकलं की ती त्याचा फोटो काढून ठेवायची, पुढच्या भेटीत आईला दाखवून चिडवायला. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चारही फोटोंत मुमताजचा एक हात छातीवर आणि दुसरा हवेत, अर्धवट. रुबीनानं माझ्याकडून कागद मागून घेतला आणि सुरेख अक्षरात लिहिलं, ‘आई काहीतरी सांगत होती. मला पुढचं दिसलं नाही. त्या दिवसांत लाईनवर गर्दी होती का?’

कागद तात्यांपुढं सरकवला. तिला ऐकू येत नाही, तरी मी खाली वाकून हळू म्हणाले, “हो लिहा, तात्या. गर्दी होती लिहा. तिचंही समाधान होईल.” खरं तर मला माझंच समाधान हवं होतं.

तात्यांनी पेन घेतलं. लिहिलं, ‘नाही. लाईन मोकळी होती.’

पोरीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. रडली नाही, ओरडली नाही. पेन घेऊन खाली दोनच शब्द लिहिले, ‘मग का?’

सहा वर्षांत हा प्रश्न त्यांना शेकडो वेळा विचारला गेला असेल, आणि प्रत्येकाला दहा मिनिटं उत्तर मिळालं होतं. तात्यांनी पेन उचललं, कागदावर टेकवलं, परत उचललं. टेल, चारी, पाणीपाळी, काही उमटेना. ती उभी होती, त्यांच्या हाताकडं बघत. आपण बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघतो ना, तसं. शेवटी तिनंच कागद ओढून घेतला, चार घड्या करून पिशवीत टाकला, मला नमस्कार केला आणि बारामतीच्या एसटीसाठी निघून गेली.

तात्या म्हणाले, “उघड समद्यांचं.” मी एकेक नाव उघडत गेले. ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले, बघत. एका घराला एक क्षण लागत होता.

“एवढंच करायचं असतंय?” त्यांनी विचारलं.

“एवढंच.”

“मंगळवारी तुझ्या हातात हुतं की गं, सुमन. दाबायचं हुतंस.”

“तुम्ही रागावला असता, तात्या.”

“रागावलो असतो,” तात्या म्हणाले. “मग काय झालं असतं?”