दाक्षायणीचा कॉम्प्युटर का थांबत होता

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत दाक्षायणीचं घर आहे. खाली चार यंत्रमाग, वर दोन खोल्या. खाली नवरा शिवानंद टॉवेल विणतो. वर खिडकीशेजारच्या कॉम्प्युटरवर दाक्षायणी चादरींची आणि भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रांची डिझाइनं करते. काम चौकोनांचं आहे. पडद्यावरचा काळा चौकोन म्हणजे ताण्याचा, उभा धागा वर, पांढरा म्हणजे खाली. एका चित्रात लाखो चौकोन असतात. त्यातला एखादा चुकला तरी कापडात तो लपत नाही.

उन्हाळ्यापासून तिचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला. आधी सूचना नाही, आवाज नाही. पडदा एकदम काळा.

दुरुस्तीवाला सिदू तो तीनदा दुकानात घेऊन गेला. एकदा विंडोज नव्यानं टाकलं, एकदा रॅम बदलली, एकदा वीज पुरवणारा डबा. दुकानात कॉम्प्युटर दिवसभर गाणी वाजवत बसायचा. घरी आला की पुन्हा तेच.

"वहिनी, दोष तुमच्या मागांचा हाय," सिदू म्हणाला. "खाली चार माग धडधडतेत. लाइट वरखाली होणारच की."

मग यूपीएस आला. कॉम्प्युटर तरीही बंद पडत राहिला.

हे सगळं चालू असताना धोंडप्पाशेठांचं काम हातात होतं. सिद्धेश्वराच्या यात्रेत विकायला त्यांना नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीचं चित्र विणून हवं होतं. दाक्षायणीनं आजवर केलेलं हे सगळ्यांत मोठं चित्र. काढून झालं होतं. राहिली होती फक्त मागाला लागणारी फाइल. ती तयार करायला कॉम्प्युटरला सलग काही तास चालावं लागतं, आणि नेमका तिथंच तो मान टाकत होता.

धोंडप्पाशेठ फोनवर स्पष्ट बोलले. "ताई, यात्रा तुमच्या कॉम्प्युटरसाठी थांबायची न्हाय. सोमवारी फाइल नसली तर चित्र इचलकरंजीला देतो. मग पुढची कामंबी तिकडंच."

शिवानंदचं मत तयार होतं. "भंगारात घाल आन् खाली माझ्याबरोबर धाग्याच्या कांड्या भर."

"तू माग बिघडला की भंगारात घालतोस काय?"

"माग बिघडत न्हाय. धागा तुटला की थांबतो."

हे बोलून शिवानंद जेवायला बसला. दाक्षायणी मात्र त्याच वाक्याशी अडली. बाण्याचा, आडवा धागा तुटला की मागावरच्या एका काट्याला ते कळतं आणि कापड खराब होऊ नये म्हणून माग जागच्या जागी उभा राहतो. लहानपणापासून तिनं ते पाहिलेलं. कॉम्प्युटर कशानं बिघडतो, हे सगळे विचारत होते. तो कशासाठी थांबत असेल, हे कुणी विचारलं नव्हतं.

ती पाहू लागली. बिलं लिहिताना तो कधीच बंद पडत नाही. गाण्यांनाही नाही. मोठ्या चित्राची फाइल करायला दिली की पडतो; सकाळी बऱ्याच वेळानं, दुपारी लगेच. तिनं सीपीयूच्या डब्यामागं तळहात धरला. आत पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता, आणि हाताला वारा जवळजवळ लागतच नव्हता.

तिनं सिदूला फोन केला. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं होता, पण चालू करताना कुठलं बटण दाबलं की आतलं तापमान दिसतं ते त्यानं सांगितलं. तिनं आकडा वाचून दाखवला. सिदूनं तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

"वहिनी, तो जळू नये म्हणून स्वतःला बंद करतोय. वायर काढा, डबा उघडा. मी सांगतो तसं पंख्याचे चार स्क्रू सोडवा. पंखा फिरत होता म्हणून मी त्याच्याखाली बघितलंच न्हाय."

पंखा निघाला. त्याखाली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या असायला हव्या होत्या. त्या दिसत नव्हत्या. त्यांच्यावर चौकोनी, जाड, मऊ कापड बसलं होतं.

दाक्षायणीनं ते चिमटीत धरून उचललं. एकसंध निघालं, फाटलं नाही. कडेनं पाहिलं तर थर दिसत होते: तळाला पांढरा, वर मरून, त्यावर पोपटी, सगळ्यांत वर गडद निळा. खाली मागांवर ज्या क्रमानं टॉवेल विणले गेले, त्याच क्रमानं. ना ताणा, ना बाणा. नुसत्या वाऱ्यानं तंतू दाबून दाबून पंख्यानं कापड केलं होतं.

शिवानंद हात न पुसताच वर आला. त्यानं ते बोटांनी ताणून पाहिलं. "आयला," एवढंच म्हणाला आणि पुन्हा ताणून पाहिलं.

सासूबाई शिवबाई दारात उभ्या होत्या. प्रत्येक नव्या रंगाचा पहिला टॉवेल मागावरून उतरला की त्या तो आणून कॉम्प्युटरच्या डब्यावर घालत. घरात अन्न आणणाऱ्याला टॉवेल-टोपी करायची, हा त्यांचा रिवाज. टोपी बसत नव्हती, म्हणून नुसता टॉवेल. बिनधुतल्या नव्या टॉवेलाइतके तंतू दुसरं काही सोडत नाही.

"मी त्याचा मान केला की गं," त्या म्हणाल्या.

"मानानंच गुदमरला, आत्याबाई."

"मग आता काय, उघडाच बसणार व्हय तो?" शिवबाईंना ते पटलेलं नव्हतं. तरी त्यांनी डब्यावरून काढून ठेवलेला निळा टॉवेल उचलला, घडी केला आणि काखेत घेतला.

दाक्षायणीनं पट्ट्या रंगाच्या ब्रशनं साफ केल्या, पंखा बसवला आणि मिरवणुकीच्या चित्राची फाइल करायला दिली. रविवारची भर दुपार होती. तिनं डब्यामागं हात धरला. गरम वारा जोरात तळहातावर आला. ती खुर्चीवर बसून राहिली. शिवानंद दोनदा वर येऊन पाहून गेला. पडद्यावर एकामागून एक ओळ भरत होती, नंदीध्वज खालून वर उभे राहत होते.

ऊन उतरताना शेवटची ओळ भरली. दाक्षायणीनं फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, धोंडप्पाशेठांना फोन करून माणूस पाठवायला सांगितलं आणि मग कॉम्प्युटर बंद केला. उन्हाळ्यापासून या फाइलींवर काम करताना तो तिच्या हातानं बंद होण्याची ही पहिलीच वेळ होती.