गाडी वळवून ठेवा

भंडाऱ्याला माझ्या भावाच्या घरी एक नियम आहे. ताटं वाढली की मी माझ्या नोकरीचं काही बोलायचं नाही. नियम वहिनीचा. पण जेवणं होऊन भांडी आवरली की तीच पदराला हात पुसत येऊन बसते आणि म्हणते, "हं, सांगा आता." त्या रात्री मग त्यांच्या मधल्या खोलीतला दिवा विझत नाही.

मी लाखनीला संरक्षण अधिकारी आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा राबवायचं काम. लोकांना वाटतं, हा कायदा मारझोडीपुरता. तसं नाही. बाईला राहत्या घरातून काढणं, तिची कमाई हिसकावणं, तिची शिलाई मशीन किंवा शेळ्या दाबून ठेवणं, यालाही कायदा हिंसाच म्हणतो. आर्थिक हिंसा. कायदा दिल्लीत झाला. तो इथल्या घरोघरी पोचवायला मी आहे, समुपदेशक मेश्राम ताई आहेत, भाड्याची एक जीप आणि तिचा ड्रायव्हर भाऊराव आहे. ठाण्यात माणूस मोकळा असला तर हवालदार निंबार्ते येतात.

चौघंही भित्रे. ताईंचं तर म्हणणंच आहे, "ज्याले भेव नाही वाटत त्याले या कामात घेऊच नये. तो जाऊन धाडधाड दार वाजवते, अन् मार बाईले बसते."

किस्से आम्ही जमवत नाही. ते जीपमध्ये आपोआप जमतात. माझा एक सांगून होत नाही तोवर भाऊराव दुसरा सुरू करतो. त्याच्या किश्श्यात जीप नेहमी जरा जास्तच जोरात पळालेली असते.

*

आमच्या भागात धमकी कुणी ओरडून देत नाही. मला हे सानगडीच्या बाजूच्या एका गावात कळलं.

कोर्टाची नोटीस द्यायला गेलो होतो. घर मोठं, धानाचा व्यापार. बायकोला माहेरी हाकललेलं. मालकानं नोटीस दोन्ही हातांनी घेतली, सही केली, चहा मागवला. इतका सभ्य माणूस की मला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

मग तो म्हणाला, "मॅडम लाखनीलेच राहता ना?"

"हो."

"पोरगी तुमची सातवीत आहे म्हणते. हुशार आहे. सायकलनंच जाते ना शाळेत? हायवेवर ट्रक लय राहतात जी. सांभाळा."

माझ्या हातात कप होता. तो बशीत ठेवला तर वाजेल म्हणून मी तसाच धरून बसले. ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निंबार्ते मात्र शांतपणे चहा पीत राहिले. पिऊन झाल्यावर मिशी पुसून म्हणाले, "तुमचा मोठा पोरगा पोलीस भरतीची तयारी करून राहिला ना जी? सकाळी ग्राउंडवर दिसते मले. मस्त धावते."

"हो जी."

"भरतीत चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यातूनच जाते. सांभाळा."

मालकानं आत हाक मारून बिस्किटं मागवली.

निंबार्तेंचा हा किस्सा भाऊराव फार रंगवून सांगतो, आणि सगळे हसतात. मी मुलीला दुसऱ्या दिवसापासून स्वतः शाळेत सोडते. अजूनही. ती कुरकुरते, "आई, मैत्रिणी हसतात मला." कारण मी तिला सांगितलेलं नाही.

*

आमच्या ऑफिसच्या छोट्या खोलीत एक नवरा-बायको बसले होते. ताईंनी नवऱ्याला विचारलं, "मारता का तुम्ही हिला?"

"कधीच नाही. विचारा तिले."

बायको म्हणाली, "नाही जी. कधीच नाही."

त्यानं टेबलावरची पाण्याची बाटली घ्यायला हात उचलला. ती खुर्चीत एकदम खाली वाकली, दोन्ही हात डोक्यावर.

त्याचा हात बाटलीपाशीच थांबला. तो म्हणाला, "पाणी घेत होतो मी."

ताई म्हणाल्या, "हो. घ्या ना."

*

तुमसरच्या संरक्षण अधिकारी मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा तिकडचं कामही माझ्याकडे आलं. आंबागड किल्ल्याच्या पलीकडे जंगलाला लागून एक गाव आहे. तिथल्या एका बाईला तिच्या शेळ्यांसकट माहेरी पोचवायचं होतं. शेळ्या तिनं बचत गटातून घेतलेल्या, तिच्या स्वतःच्या. सासरचे त्या सोडत नव्हते. कोर्टाचा हुकूम होता, पण त्या दिवशी निंबार्ते बंदोबस्तावर गेलेले.

भाऊरावचा नियम असा की गावात शिरलो की आधी गाडी वळवून ठेवायची, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे. मग आम्ही उतरायचं. त्या दिवशीही त्यानं वळवली होती. आम्ही बाई आणि शेळ्या घेऊन परत आलो, तर जीपच्या नाकासमोर आडवा ट्रॅक्टर. मागं भिंत.

पारावर माणसं बसलेली. कुणी शिवी दिली नाही, कुणी उठलंही नाही. फक्त बघत होती.

भाऊरावनं विचारलं, "ट्रॅक्टर कोणाचा जी?"

"माहीत नाही."

"चाबी?"

"ड्रायव्हर तुमसरले गेला."

आमच्या मोबाईलला रेंज नव्हती; गावात दुसऱ्याच कंपनीची चालायची. शेळ्या जीपमध्ये ओरडत होत्या. ऊन किल्ल्याच्या मागं उतरायला लागलं. ताईंनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. पारावरचा एक जण उठून जीपजवळ आला, आत वाकून बाईकडे पाहिलं, आणि परत जाऊन बसला. एवढंच. पण त्यानंतर ती बाई हळूच म्हणाली, "मॅडम, मले उतरवून द्या. तुमी जा. तुमचे लेकरं वाट पाहत असतीन."

मी काही बोलणार तेवढ्यात समोरच्या घरातून सरपंच बाई बाहेर आल्या. सीट महिलांसाठी राखीव म्हणून झालेल्या सरपंच. मीटिंगमध्ये त्यांचा नवरा बोलायचा, त्या शेजारी बसायच्या. हात ओले होते, ते लुगड्याला पुसले. सरळ पारापाशी गेल्या, नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून चाबी काढली, पदर खोचला आणि ट्रॅक्टरवर चढल्या. दोनदा आचका देऊन ट्रॅक्टर मागं गेला. रस्ता मोकळा झाला.

पारावर नवरा बाजूच्या माणसाला विचारत होता, "इले ट्रॅक्टर कवा शिकवलं कोणं?"

आम्ही सुटलो. भाऊराव सांगतो तितकी नाही, पण खरंच जोरात सुटलो. वाटेत मनात तेच येत होतं. आपण निघून आलो, सरपंच बाईंचं काय होणार आता? दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना फोन लावला. "ताई, तुम्हाला त्रास नाही ना झाला काही?"

"नाही बापा. ते कालपासून माझ्याशी बोलूनच नाही राहिले," सरपंच बाई म्हणाल्या. "लय शांत वाटते."

*

ऑफिसच्या फोनवर रोज दुपारी एक कॉल यायचा. उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. फोन कापायचंही नाही. मागं कुकरची शिटी, कधी कोंबड्या, एकदा लहान मुलाचं रडणं. मी आधी वैतागले. मग ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "बाई, तुमी बोलू नका. फक्त ऐका."

तेव्हापासून ताई रोज बोलायच्या. कधी सांगायच्या, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी त्यात राहायचा हक्क तुमचा आहे. कधी, लग्नात मिळालेलं सोनं तुमचं, ते कुणी ठेवून घेऊ शकत नाही. कधी नुसतं, आज लाखनीचा बाजार आहे, भाजी स्वस्त झाली. पलीकडून श्वास ऐकू यायचा. मग फोन ठेवला जायचा.

एक दिवस ताईंनी सुरुवात केली आणि पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "कोण बोलते?"

ताईंचा आवाज हलला नाही. "गॅस एजन्सीतून बोलून राहिली दादा. केवायसी झाली का तुमची?"

"कोणती केवायसी? रोज याच नंबरवर फोन कायले लावते माझी बायको?"

"केवायसी नाही झाली म्हणून लावत असतीन दादा. नाही केली तं सिलिंडर बंद होते."

फोन कापला गेला. त्यानंतर त्या नंबरवरून कधी फोन आला नाही. आम्हाला नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. उलटा फोन करायची हिंमत नव्हती; उचलला तर कोण उचलेल? पेपरात कुठं विहिरीत बाई सापडल्याची बातमी आली की ताई ती वाचायच्या आणि घडी करून ठेवून द्यायच्या. दुपारी फोनकडे पाहत डबा खायच्या. खूप दिवस असं चाललं.

मग एका बाजाराच्या दिवशी एक बाई दारात उभी राहिली. बरोबर शाळेतली मुलगी, हातात पिशवी. मला विचारलं, "मॅडम, हेच का ते ऑफिस?"

आतून ताई म्हणाल्या, "बसा बाई, आली मी."

त्या बाईनं तो आवाज ऐकला आणि दाराची चौकट धरून खालीच बसली. मग म्हणाली, "ताई, केवायसी करायची होती."

*

शिलाई मशीनचा किस्सा वहिनी दरवेळी मागते.

एका बाईनं सासर सोडलं होतं. तिला फक्त तिची मशीन हवी होती. ती असली की पोट भरता येत होतं. हुकूम घेऊन आम्ही निंबार्तेंसोबत गेलो. ती बाई घरात यायला तयार नव्हती. जीपच्या मागच्या सीटवर खाली वाकून बसली, काच वर.

निंबार्ते आणि भाऊराव मशीन उचलायला आत गेले. नवरा ओट्यावर कुऱ्हाडीचा दांडा तासत बसलेला. त्यानं मान वर केली नाही. तासत राहिला.

तेवढ्यात सासू तरातरा जीपकडे आली. बोनेटवर दोन्ही हात आपटले. "सटवे, माझ्या घराचा उकिरडा केला! तोंड नको दाखवू मले!" सगळी आळी गोळा झाली. मी काचेच्या आत, त्या बाईला मागं झाकून. सासू बोनेटपासून खिडकीपाशी आली, काचेवर थापा मारायला लागली. शिव्या चालूच. मग काचेच्या वरच्या फटीला तोंड लावून, ओठ जेमतेम हलवत, ती सुनेला म्हणाली, "जाय माय. वापस येजो नोको. मले जाता आलं असतं तं मी बी गेली असती."

आणि परत मोठ्यानं, आळीला ऐकू जाईल असं, "मर तिकडंच!"

ओट्यावरचं तासणं थांबलं होतं. नवरा आईकडे पाहत होता. मशीन चढली, भाऊरावनं गाडी काढली. मी मागं वळून पाहिलं तेव्हा सासू रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि हात वर करकरून शिव्या देत होती.

*

हे शेवटचं या पावसाळ्यानंतरचं आहे.

हायवेला लागून एक गाव. तिथं वनिता नावाच्या बाईला तिच्या सासरच्या घरात परत नेऊन सोडायचं होतं. नवऱ्यानं तिला बाहेर काढलेलं. कोर्टानं सांगितलं, घरातली एक खोली तिची, तिथं तिला कुणी अडवायचं नाही. माहेरी भावजयीनं जागा नाही म्हटलेलं, म्हणजे तिलाही दुसरी वाट नव्हती. जीपमध्ये ती माझ्या शेजारी होती. हायवे सोडून गाडी गावाकडे वळली तशी तिनं माझा हात धरला.

निंबार्तेंना सोबत घेऊन आम्ही भांडणाच्या तयारीनं गेलो होतो. घरासमोर रांगोळी! सासूनं ओवाळलं, कुंकू लावलं. नवरा धुतलेल्या शर्टात, हात जोडून. "या मॅडम. झालं गेलं विसरून गेलो आमी. आता निश्चिंत राहा." आत पेढे होते. ताई माझ्या कानात म्हणाल्या, "मले हे बरं नाही वाटून राहिलं."

वनिताची खोली मागच्या बाजूला. स्वच्छ झाडलेली, पलंगावर नवी चादर. तिनं पलंगाकडे पाहिलं नाही. ती दारामागं गेली. मग बाहेर आली आणि दाराचा बाहेरचा भाग पाहिला. कडी बाहेरच्या अंगाला होती. आतून काहीच नव्हतं.

निंबार्तेंनी विचारलं, "आतून कसं लावता हे?"

नवरा म्हणाला, "आतून कायले लागते जी? घरचेच लोक हाओत."

वनितानं पिशवीतून पेचकस काढला. माहेरून आणला होता. कुणाशी न बोलता तिनं बाहेरची कडी सोडवायला सुरुवात केली. पेचकस दोनदा निसटला. निंबार्तेंनी दार धरलं. स्क्रू खाली पडायला लागले तसे नवऱ्यानं वाकून उचलले आणि तळहातावर धरून उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग तीच कडी तिनं आतून बसवली. एकेक स्क्रू त्याच्या हातावरून घेतला. घेताना त्याच्याकडे पाहिलं नाही. लाकूड कडक होतं, वेळ लागला. सासू ओवाळणीचं ताट घेऊन तशीच उभी होती. निरांजन विझलं होतं.

वनिता एकटी आत गेली. दार ओढलं. कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही सगळे बाहेर, बोळीत. नवऱ्यानं दारावर हात फिरवला. जिथं कडी होती तिथं आता नुसती भोकं होती. एका भोकात बोट घालून पाहिलं. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, नळ कुठं दुरुस्त करून मिळेल असं विचारावं तसं त्यानं विचारलं,

"पण मॅडम, आता हे बाहेरून कसं लावाचं?"