कोठाराचं दार

आमच्या कालव्याकाठच्या गल्लीत पाहुण्यांना फिरवायचं काम त्सुरुए करते. पायी फेरी, पुलापासून सुरू होते आणि तिच्या घरामागच्या कोठारापाशी संपते. तिच्या डोक्यावर टोपी आणि गळ्यात दोरीला बांधलेल्या दोन लाकडी टिपऱ्या असतात. फोटो काढत पांगलेली माणसं गोळा करायला ती त्या वाजवते. माझं मुळ्याच्या लोणच्याचं दुकान वाटेतच होतं, तिथं ती सगळ्यांना हमखास थांबवायची. लोक चव घ्यायचे, 'वा' म्हणायचे आणि काही न घेता पुढं जायचे. नुसत्या 'वा'नं पोट भरत नाही, हे मी तिला कितीदा सुनावलंय.

आमची ही जुनी व्यापाऱ्यांची घरं लाकूड-कागदाची. ठिणगी पडली की कारभार आटोपला. म्हणून मोलाचं तेवढं मागच्या कोठारात ठेवायचं. त्याच्या भिंती हातभर जाड मातीच्या, दारही तसलंच, आणि दाराशेजारी ओल्या मातीनं भरलेलं मडकं. आग दिसली की आधी आत हाक मारायची, कुणी राहिलं नाही ना म्हणून. मग दार लावून फटी मातीनं लिंपायच्या. आग विझली तरी घाई करायची नाही. भिंतीला गाल टेकवता येईपर्यंत दार उघडायचं नाही, कारण आत कोंडलेल्या धगीला वारा मिळाला की वाचलेलंही जातं. त्सुरुएच्या सासऱ्यांच्या आजोबांना दम निघाला नाही. त्यांनी दार उघडलं, तेव्हा रेशमाचे तागे गेलेच, शेजारी उभी असलेली सूनही गेली.

इतरांची मडकी कधीच वाळली, आता त्यांत छत्र्या असतात. त्सुरुए मात्र रोज सकाळी पाणी घालून माती मळते.

"एवढी निगुतीनं मळतेस, आज जेवायला हीच वाढणारेस का?" मी विचारायची.

"तुझ्या लोणच्यापेक्षा बरी लागेल."

तिचा नवरा केन्जुरो तरुणपणी हिवाळाभर याच टिपऱ्या वाजवत 'आग सांभाळा' ओरडत गल्लीतून गस्त घालायचा. आता त्याला काही आठवत नाही. बायको ओळखू येत नाही, नावानं हाक मारली तर पोचत नाही. पण टिपऱ्या ऐकू आल्या की असेल तिथून लाकडावर खट-खट करून उत्तर देतो. त्यामुळं त्सुरुए त्याला जेवायलाही टिपऱ्यांनीच बोलवायची.

"नवऱ्याला बोलावतेस की गावाला आगीची वर्दी देतेस?" मी म्हणायची. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या वसंतात पाऊस पडलाच नाही. डोंगराकडचा कोरडा वारा सुटला तो थांबायचं नाव घेईना. कालव्याचं पाणी पायऱ्यांच्या खाली गेलं. म्हातारी माणसं बोलताना आग हा शब्दच टाळायला लागली. मी चहाचं पाणीसुद्धा समोर उभं राहून उकळत होते.

"माती सारखी पाणी मागतेय," त्सुरुए एका सकाळी म्हणाली. "मला हे चिन्ह बरं दिसत नाही, हिसानो."

त्याच दुपारी माझ्या दुकानासमोर पाहुण्यांशी बोलता बोलता ती मधेच थांबली आणि तिनं नाक वर केलं.

"तुझं काही करपलंय का?"

"माझ्याकडं करपायला काय आहे? मुळे कच्चेच असतात."

मग उत्तरेकडच्या छपरांवर धूर दिसला. वारा तिकडूनच येत होता.

"पाहुण्यांना पुलापलीकडं देवळाच्या आवारात ने," एवढं बोलून ती टिपऱ्या बडवत पळाली. त्या आवाजानं घरंच्या घरं बाहेर आली. तिच्या घरी केन्जुरोच्या चपला जागेवर नव्हत्या. कुणी शेजाऱ्यानं नेलं असेल, असं तिला वाटलं. कोठारापाशी पोचल्यावर तिनं दोन्ही हातांनी मडक्यातली माती उपसली, रिवाजाप्रमाणं आत हाक मारली, "अहो, कुणी आहे का आत?" उत्तर आलं नाही. तिनं दार लावलं आणि लिंपलं. वाटभर टिपऱ्या वाजवल्या, नेमक्या तिथं वाजवल्या नाहीत.

ती देवळात आली तेव्हा कोपरापर्यंत मातीनं भरली होती.

"केन्जुरो कुठंय?"

"म्हणजे? तुझ्याबरोबर नाही?" मी विचारलं.

दुपारी तो घरामागच्या गार कोठारात जाऊन बसतो, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. ती स्वतःच्या हातांकडं बघत राहिली.

गल्लीची एक बाजू गेली. त्यात माझं दुकानही गेलं, पण ते रडगाणं इथं नको. संध्याकाळी राखेत काळंठिक्कर कोठार तेवढं उभं होतं. त्सुरुएनं भिंतीजवळ जाऊन टिपऱ्या वाजवल्या.

आतून आलं, खट-खट.

तिनं दारावर झेप घेतली, भाजून दगड झालेली माती नखांनी ओरबाडायला लागली. अग्निशमन दलाच्या इसोबेनं तिला मागं ओढलं.

"सोड मेल्या! जिवंत आहे तो!"

"म्हणूनच सोडत नाही, आजी. भिंतीला गाल लावा बघू."

तिनं लावला. कातडी भाजली तरी ती मागं हटेना, मीच तिला ओढलं.

"शाळेत असताना तुमच्या फेरीला आलो होतो," इसोबे म्हणाला. "हे तुम्हीच शिकवलंत."

"मूर्ख होते मी! ऐकतोस काय माझं!"

पण तिला ठाऊक होतं. ती भिंतीशी बसली. माणसं पाणी मारत राहिली, ती टिपऱ्या वाजवत राहिली. उत्तर यायचं, पण दर वेळी उशिरा. कधी इतका वेळ जायचा की इसोबे तोंड फिरवायचा. रात्र तशीच गेली. मधूनमधून ती भिंतीला गाल लावायची, एक भाजला तर दुसरा.

दुसऱ्या दिवशी उशिरा तिचा गाल भिंतीवर टिकला. इसोबेनं माती खरवडून दाराची फट केली. भडका उठला नाही. केन्जुरो कालव्याकडच्या भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटलेले, हातात लाकडी पेटीचं झाकण. मी मोठ्यानं रडले, मला लाज नाही त्याची.

केन्जुरोनं त्सुरुएकडं बघितलं आणि स्पष्ट विचारलं, "दार कुणी लावलं?"

"मी," ती म्हणाली.

पुढं तो बरा झाला. आग विसरला, जळलेली गल्ली विसरला. तो प्रश्न तेवढा राहिला. रोज सकाळी ती माती मळत असते आणि तो ओसरीवरून तेच विचारतो.

"वाऱ्यानं लागलं म्हणून सांग ना," मी एकदा म्हटलं. "त्याला काय कळतंय?"

"बाकी सगळं गेलंय, हिसानो. एवढंच उरलंय त्याच्याकडं. त्यात खोटं कशी घालू?"

उरलेल्या गल्लीतून फेरी पुन्हा निघते. शेवटी कोठारापाशी ती टिपऱ्या वाजवते, केन्जुरो ओसरीवर खट-खट करतो आणि सगळ्यांदेखत विचारतो. त्सुरुए टोपी काढून उत्तर देते, "मी लावलं."

पाहुण्यांना तो फेरीचाच भाग वाटतो. परवा काही जणांनी टाळ्या वाजवल्या.