तो आजार अल्पसा नव्हता

‘अल्पशा आजाराने निधन.’ माझ्या नणंदेच्या, अलकाताईंच्या, जाण्याची बातमी पेपरात अशी छापून आली आणि तो मजकूर आमच्याच घरातून गेला होता. माझ्या नवऱ्यानं लिहिला, मी वाचून बरोबर आहे म्हटलं, आणि दोघांपैकी एकालाही लाज वाटली नाही. चौथ्या वर्षी जडलेला आणि बासष्टाव्या वर्षी जीव घेऊन गेलेला दमा आम्ही अल्पसा करून टाकला. दीड महिना झाला त्याला. माझा राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी इच्छाही नाही. मी लिहिलेलं हे छापून आल्यावर घरात जे व्हायचं ते होईल.

मी वर्ध्याहून लग्न होऊन रायपूरला, पुरानी बस्तीतल्या या घरात आले तेव्हा ताई मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होत्या. लग्न केलेलं नव्हतं. ‘तिले शिकाचं होतं ना,’ असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. खरी गोष्ट मला ताईंनीच सांगितली, माझ्या शेजारी बसून मटार सोलता सोलता. त्यांचं लग्न ठरलं होतं, साड्याही घेऊन झाल्या होत्या. मग नात्यातल्याच कुणीतरी मुलाकडे कळवलं की मुलीची छाती वाजते, तिच्या बापाचीही वाजते, खानदानीच आहे ते... आणि लग्न मोडलं. तेव्हापासून या घरात दमा हा शब्द बंद झाला. सासऱ्यांची ‘कफाची प्रकृती’, ताईंना ‘धूळ मानवत नाही’. मी नवीन होते, मीही हेच बोलायला शिकले. फार लवकर शिकले.

ताईंना मात्र त्या शब्दाची लाज नव्हती. पंप पर्समध्ये कंगव्याशेजारी असायचा आणि लागला की भर वर्गात ओढायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांना त्यांच्याजोगं काम मिळालं. बाहेरून काही संशोधक आले होते. निरनिराळ्या समाजांतल्या घरांमध्ये दमा आणि ॲलर्जी पिढ्यान्‌पिढ्या कशी उतरते ते त्यांना पाहायचं होतं. आमच्यासारखी नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथेच राहिलेली मराठी घरं, रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून आलेली, सिंधी, छत्तीसगढी... प्रत्येक घराचा फॉर्म भरायचा, मग रक्ताचा नमुना. दार उघडायला ओळखीचं माणूस हवं म्हणून ताई त्यांच्याबरोबर जायच्या.

मी एकदा वैतागून म्हटलं, ‘‘या वयात काहून फिरून राहिल्या, ताई? रक्तातच असेल तर काय उपयोग?’’ त्या खवळल्याच. ‘‘हेच! हेच ऐकून ऐकून माहे बाबा गेले. सुधा, दम्याचं काही एकच जीन नसते. ढीगभर असतात, थोडे थोडे ढकलतात. बाकीचं धूर करते, धूळ करते, आन आपली मूर्ख माणसं करतात. आन हे जीन शोधले कोणाचं रक्त पाहून? बहुतेक गोऱ्यांचं. एकच औषध एकाले लागू पडते, दुसऱ्याले तेवढं नाही. आपले लोक त्या यादीतच नसन, तर आपल्या पोट्ट्यायले काय लागू पडते ते कोण पाहीन?’’

आमची जुनी घरं तर मोजकी, मुली त्यातल्या त्यातच दिलेल्या. एकाची आत्या दुसऱ्याची काकू. संशोधकांना आम्ही सोन्याहून मोलाचे. आणि आम्ही काय केलं? धडधडीत खोटं बोललो. घरोघर तेच: आमच्याकडे नाही हो, आमच्याकडे कुणालाच नाही! ज्या घरात लग्नाची मुलगी, तिथे तर फॉर्म हातातसुद्धा घेईनात. एका घरात ‘नाही’ लिहून घेताना आतल्या खोलीतून वाफेच्या मशीनचा घर्रर्र आवाज येत होता. ताईंनी विचारलं, ‘‘मिक्सर चालू हाय का?’’ घरमालक म्हणाले, ‘‘हव, चटणी होऊन राहिली.’’ ही गोष्ट त्या नक्कल करून सांगायच्या. मी पोट धरून हसायचे. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, कारण पुढे आमच्या घरातही तीच चटणी झाली.

माझ्या मुलीला, ईशाला, पाहायला समता कॉलोनीतली मंडळी येणार होती. मुलगा चांगला, घर विदर्भातलं. त्या सकाळी माझा नवरा ताईंना म्हणाला, ‘‘ताई, आजच्या दिवस तो पंप कपाटातच राहू दे.’’ मला वाटलं, आता कडाक्याचं भांडण होणार. ताई नुसत्या म्हणाल्या, ‘‘हाव, ठेवते.’’ आणि खरंच ठेवला. मी ओट्यापाशी होते, सगळं ऐकलं. मूग गिळून बसले आणि आलूबोंड्याच्या सारणाला मिरचीची फोडणी दिली.

शुभ म्हणून ह्यांनी देवघरात लोबान लावला. तो धूर, माझ्या फोडणीचा ठसका, आणि त्यात ताई दीड तास ताठ बसून कॉलेजच्या गमती सांगत होत्या. मग उठून स्वयंपाकघरात आल्या, ओटा घट्ट धरला आणि म्हणाल्या, ‘‘गाडी...’’ ओठ निळसर झाले होते. गल्लीच्या तोंडाशी पाहुण्यांची गाडी होती. मुलगा म्हणाला, चला, माझ्यात बसवा. ह्यांनी ताईंना धरून नेलं, मुलाची आई पुढे बसली, ताईंना मध्ये घेऊन आम्ही दोघं मागे. घाईत कपाटातला पंप कुणालाच आठवला नाही. सदर बाजारात स्कूटर-मोटरसायकलींच्या गर्दीत गाडी अडकली आणि मी ताईंची पाठ चोळत राहिले. पाठ चोळत राहिले!

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, ‘‘अस्थमा की हिस्ट्री है क्या?’’ ताईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला. माझ्या नवऱ्यानं तो हात धरून खाली घेतला, बाजूला उभ्या मुलाच्या आईकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘नहीं नहीं, थोड़ी एलर्जी है बस। बीपी रहता है।’’ छातीत शिटीसारखा आवाज नव्हता. दम्याचा इतका मोठा अटॅक आला की तो आवाजही बंद पडतो, हे मला नंतर कळलं. डॉक्टरनं हृदयाच्या तपासण्या सुरू केल्या. त्याची काय चूक? मी तिथेच होते. मला हिंदी येतं. एक शब्द बोलायचा होता, तोही दोन अक्षरांचा, आणि माझ्या तोंडातून तो फुटला नाही.

शब्द आणला ईशानं. स्कूटीवरून मागून आली, फाईल पाहिली आणि ओरडली, ‘‘बुआ को अस्थमा है! बचपन से है! पापा, बोलते क्यों नहीं?’’ मग धावाधाव झाली, पण गेलेला वेळ गेला होता. संध्याकाळच्या आत ताई गेल्या.

दहाव्यानंतर त्यांची खोली आवरायला घेतली. भरलेल्या प्रत्येक फॉर्मची नक्कल त्या एका लांब रजिस्टरात ठेवायच्या. आमचं पान शोधलं. घरात कुणाला दमा आहे का? पुढे त्यांच्याच सुंदर अक्षरात ‘नाही’. वडिलांना नाही, स्वतःला नाही. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘ईशाचं लग्न झालं की दुरुस्त करणे.’ मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले. जगाला खरं बोलायला लावायला निघालेली बाई माझ्या मुलीसाठी खोटी झाली, आणि आम्ही ते तिच्याकडून करून घेतलं. तिनं अडवलं असतं, भांडली असती, मला चार शिव्या दिल्या असत्या तर आज हयात असती. ईशानं त्याच पानावर पेनानं ‘नाही’ खोडून ‘आहे’ लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.

तेरवी झाली आणि समता कॉलोनीची मंडळी भेटायला आली. मुलगा, त्याची आई. त्याच बैठकीत बसलो. मुलाच्या आईनं हलक्या आवाजात विचारलं, ‘‘ताईले नेमकं काय झालं होतं?’’ हे म्हणाले, ‘‘हार्टचं...’’

‘‘दमा होता,’’ मी म्हटलं. ‘‘बापाकडून आलेला. उद्या ईशाच्या लेकरालाही होऊ शकतो. तुम्हाला लग्न करायचं नसेल तर आत्ताच सांगा. पण हार्ट नव्हतं. आम्ही लपवला म्हणून त्या गेल्या.’’

ह्यांनी मान खाली घातली. ईशा माझ्याकडे पाहत राहिली. मुलाची आई कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग मुलाकडे न पाहता म्हणाली, ‘‘आमच्या याच्याजवळबी असते पंप. लहानपणापासून हाय त्याले. त्या दिवशी गाडी चालवताना खिशातच होता...’’

 खिडकीजवळची ताईंची वेताची खुर्ची रिकामी होती. मी त्या मुलाला तिच्यावर बस म्हटलं नाही आणि तोही बसला नाही. जाईपर्यंत उभाच राहिला.