दादाचं अवधाण

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अलिबागच्या शाळेत भागाकार शिकवत होतो. उदाहरण पुरं करून मगच निघालो, याची आज महिन्यानंतरही लाज वाटते. पण हे होणार, ते मला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं...

माझा हा थोरला भाऊ मुरुडजवळच्या आमच्या वाडीत, नारळी-पोफळीत, उभा जन्म अनवाणी वावरला. पहिली गाठ जांघेत आली. "अवधान हाय. पायांत काटा मोडलाय," वहिनीने सांगून टाकलं. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, ते अवधाण. काटा निघाला की ती बसते. वहिनी रोज न्याहारीनंतर अंगणातल्या उन्हात दादाचे तळवे मांडीवर घेई आणि सुईने शोधत बसे. काटा मिळेना. मग काखेत गाठी आल्या, मानेला आल्या. एक माड शिंपून झाला की दादा धापा टाकत बसायचा. अंग झडलं, पहाटे सदरा घामाने पिळून काढावा लागे. डाव्या कुशीत पानथरी, म्हणजे वाढलेली प्लीहा, हाताला लागली, तेव्हा मी शिकलेल्या शहाण्याने हिवताप ठरवून त्याला कोयनेल पाजलं. अवधाण ठणकतं आणि या गाठी मुळी दुखतच नव्हत्या, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

शेवटी आगबोटीने त्याला मुंबईला नेलं. डॉक्टरांनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरला, सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिला. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या. "रक्ताचाच रोग आहे, ल्युकेमिया. हा प्रकार सावकाश चालतो, काही वर्षं मिळतील. पण बरा होत नाही."

दादाने एवढंच विचारलं, "म्हंजे काटा न्हाय कुठं?"

"नाही."

परतताना तो आगबोटीच्या कठड्याला टेकून उभा होता. बंदर दिसू लागल्यावर म्हणाला, "ती सोताला दोष देते रं. तिला काटा गावत न्हाय म्हनून मी बरा होत न्हाय, असं वाटतं तिला." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला विहिरीमागच्या लिंबोणीचा काटा आणायला लावला आणि स्वतःच्या हाताने टाचेत रुतवून मोडला. मला त्याचा रागच आला... न्याहारीनंतर वहिनी ओरडली, "गावला!" सगळ्या आळीला सांगून आली. गाठी काही बसल्या नाहीत. "तुजं काम झालं, आता बाकीचं रगताचं," दादा तिला म्हणायचा. सुई पुन्हा बाहेर निघाली नाही.

तेराव्यानंतर मी निघालो, तेव्हा वहिनीने आता नकोशी झालेली कुंकवाची डबी माझ्यापुढे उघडली. तळाशी तो काटा होता, वाळून काळा पडलेला.

"भावोजी," ती म्हणाली, "काढला तवा हिरवा व्हता."