जुना फोटो आहे, पुढे पाठवू नका

मी फास्ट टाइप करते. सिंगापूरला, क्लेमेंटीच्या स्टॉपवर बस वळताना दिसली की मेसेज सुरू करायचा आणि बसचं दार उघडायच्या आत तो पाठवून मोकळं व्हायचं, ही माझी खासियत. तेव्हा तर मला याचा अभिमानच होता, कारण माझं कामच तसं होतं. मास्टर्स करत होते आणि आमच्या प्रोफेसरांच्या प्रोजेक्टवर बातम्या वाचत होते. हवामान बदलाबद्दल तिथले पेपर काय लिहितात, लोकांपर्यंत त्यातलं काय पोचतं, असा विषय.

पद्धत अशी, की एकच बातमी दोघींनी वाचायची, एकमेकींचं न बघता. दुसरी होती तोआ पायोहहून येणारी एक सिंगापुरी चिनी मुलगी, माझ्याच वर्गातली. एक्सेलमध्ये रकाने ठरलेले. बातमीत ‘हवामान बदल’ हे शब्द आहेत का? असतील तर एक, नसतील तर शून्य. बातमी वाचकाच्या जवळची की लांबची? फोटो आहे का? दुपारी दोघींची शीट शेजारी ठेवून जुळवायची. ती एक बातमी चहासारखी घोट घोट घ्यायची, आणि तेवढ्यात माझ्या चार व्हायच्या.

आणि हे सगळं मी घरच्यांना शिकवायचे. सांगलीतल्या आमच्या फॅमिली ग्रुपवर मी पोलीसच होते. फोटोवर ‘फॉरवर्डेड’ असं बारीक अक्षरात लिहिलंय का बघा, कुठला आहे बघा, कधीचा आहे बघा. हे सगळं मुख्यतः मामासाठी. मामा कराडला असतो आणि जगातली प्रत्येक अफवा आधी त्याच्याकडे मुक्कामाला येते. अमुक तारखेपासून पृथ्वीवर सहा दिवस अंधार, हे त्यानेच पाठवलेलं. मी खाली लिहायचे, ‘फेक आहे मामा’. बाबा त्यावर अंगठा टाकायचे. रिटायर्ड माणूस, मुलगी सिंगापूरला बातम्यांचंच शिकते, याचं त्यांना फार कौतुक.

त्या ऑगस्टमध्ये एका सोमवारी सकाळी मामाचा फोटो आला. पूल, कठड्याला टेकलेलं तांबडं पाणी, पुलावर बघ्यांची गर्दी. खाली लिहिलेलं, ‘दाजी, पाणी लई येतंय. ताईला घेऊन निघा.’ मी बसस्टॉपवर होते. असे फोटो मी महिनाभर बघत होते, आधीच्या पुरातले, सगळे सारखेच. बस वळली. मी टाइप केलं, ‘जुना फोटो आहे. पुढे पाठवू नका. घाबरू नका.’ दार उघडलं, मी चढले. त्या आठवड्यात चारशे बातम्या संपवायच्या होत्या, म्हणून बसमध्येच ग्रुप आठवडाभरासाठी म्यूट केला. आईला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की शुक्रवारपर्यंत मला फोन करू नकोस.

बुधवारी दुपारी आम्ही शीट जुळवायला बसलो. दोनशेच्या आसपासच्या ओळीवर एक छोटीशी बातमी होती. परदेशच्या पानावर, तळाशी, चार-पाच ओळी. पश्चिम भारतात नद्यांना पूर, हजारो लोकांना हलवलं. मी सकाळीच ती उरकली होती. शब्द आहेत का, शून्य. फोटो, शून्य. जवळ की लांब, लांब. तिचंही अगदी तसंच. जुळलं म्हणून मी खालच्या ओळीवर जाणार, तर ती थांबली. स्क्रीनकडे बघत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “वेट लाह, थांब. हे तुझ्या बेदाण्यांचं गाव ना?”

मी जूनमध्ये तिला बेदाण्यांचं पाकीट आणून दिलं होतं. तिने ते टेबलावरच ठेवलेलं, रिकामं झाल्यावर त्यात पिना. त्यावर इंग्रजीत सांगली छापलेलं होतं. आणि बातमीच्या तिसऱ्या ओळीत तेच नाव होतं. मी ते वाचलं होतं. माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. मी त्यापुढे ‘लांब’ लिहिलं होतं.

मी फोन उघडला. ग्रुपवर न वाचलेले शेकड्याने मेसेज. मी वर वर सरकत सोमवारपर्यंत गेले. माझ्या मेसेजखाली पाच मिनिटांत मामाने लिहिलं होतं, ‘अगं मी सोत्ता काढलाय, आत्ता, कराडच्या पुलावर हाय. हेच पाणी तुमच्याकडं येनार.’ त्याच्या फोटोवर ‘फॉरवर्डेड’ नव्हतंच. मीच सगळ्यांना बघायला सांगायचे आणि मीच बघितलं नव्हतं.

आणि त्याखाली बाबा. ‘बरं झालं सांगितलंस बाळ. आई बॅग भरत होती, थांबवलं. शेजारीही विचारत होते, त्यांनाही सांगितलं, आमची मुलगी यातच आहे.’

मग मंगळवार. पाणी गल्लीत. पाणी पायरीला. रात्री, ‘वर शेजाऱ्यांकडे आलोय, लाइट नाही.’ त्यानंतर बाबांचं काही नाही.

त्यांचा फोन बंद. आईचा बंद. त्या मुलीने माझी पाण्याची बाटली उघडून हातात दिली. मी मामाला लावला. सातव्यांदा लागला. मामा आधी खोकला, मग म्हणाला की दोघं सापडली, सकाळी बोटीतून काढलं, मिरजेच्या बाजूला एका शाळेत आहेत, तो तिथेच निघालाय. खालचं सगळं गेलं. आईची शिलाई मशीन, कपाट, सगळं. एवढ्या पाण्यात बोटीची वाट बघत आई चार तास जिन्यावर बसून होती. माझ्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्याच्या फोनवरून बाबा बोलले. आवाज बसलेला. मी म्हटलं, बाबा, माझ्यामुळे. ते म्हणाले, “तुला तिकडून कसं कळणार, बाळ.”

ते मला समजावत होते. मला मात्र एवढंच कळत होतं, की मामाला पुलावरून कळलं होतं आणि बाबांनी माझं ऐकलं होतं.

शीटमधली ती ओळ मी बदलायला निघाले. शेजारच्या त्या मुलीने मला नियमांचा कागद दाखवला. जवळची म्हणजे सिंगापूरची. नियमाप्रमाणे आमचं दोघींचं बरोबर होतं. ‘लांब’ तसंच राहिलं.

आठवड्याने मामाने पुन्हा फोटो टाकला. गल्लीतल्या पाण्यात मगर. मी क्लेमेंटीच्या स्टॉपवरच होते. पूर्वी मी ‘फेक आहे’ लिहायला वाट बघितली नसती. ग्रुपवर कुणीच काही लिहीना. मग बाबांचा मेसेज आला, ‘बाळ, खरा आहे का हा?’

अजून विचारतात ते मला.

बस आली, दार उघडलं, बंद झालं, गेली. मी लिहिलं, ‘माहीत नाही बाबा, थांबा,’ आणि मामाला फोन लावला.